खाणीतून खाचरात: जिन्झूकाठच्या कॅडमियमचा मागोवा

१७ मार्च २०१२ रोजी जपानच्या तोयामा प्रांतात एक काम पूर्ण झाल्याचा समारंभ झाला. काम होते शेतांची माती बदलण्याचे. जिन्झू नदीच्या दोन्ही तीरांवरची ८६३ हेक्टर भातखाचरे एकेक करून उकरली गेली, वरची माती खोल गाडली गेली आणि तिच्यावर डोंगरातून आणलेली स्वच्छ माती पसरली गेली. १९७९ साली सुरू झालेल्या या कामाला ३३ वर्षे लागली आणि सुमारे ४,०७० कोटी येन खर्च आला. हेक्टरी हिशेब केला तर पावणेपाच कोटी येनच्या आसपास.

ज्या धातूसाठी हा एवढा खटाटोप झाला, तो त्या मातीत किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता आणि भाताच्या चवीतही कळत नव्हता. तो तिथे आला कुठून, किती पिढ्या साचत राहिला, कोणी ओळखला आणि कोणी ओळखायचे नाकारले, याचा हा मागोवा. ओलिताच्या जमिनीत जड धातू कसा शिरतो आणि शिरल्यावर केवढी किंमत वसूल करतो, हे जिन्झूच्या खोऱ्याइतके पुरतेपणी दुसऱ्या क्वचितच एखाद्या खोऱ्याने दाखवले असेल.

जस्ताचा सोबती

कॅडमियमची वेगळी खाण नसते. जस्ताच्या खनिजात ते अल्प प्रमाणात मिसळलेले असते आणि जस्ताबरोबरच वर येते. १८१७ साली जर्मनीतील ग्योटिंगेनचे रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्ट्रोमायर औषधांच्या दुकानांतले जस्ताचे कार्बोनेट तपासत होते. त्यात लोह नव्हते, तरी तापवल्यावर ते पिवळे पडे. या पिवळेपणाचा शोध घेताना त्यांना नवा धातू सापडला. जस्त मात्र माणसाने त्याच्या कितीतरी आधी हस्तगत केले होते. राजस्थानातील झावर येथे मध्ययुगातच मातीच्या बंद मुशींमधून जस्त गाळले जात होते. जिथे जस्त निघाले तिथे कॅडमियमही जमिनीवर आले. फक्त त्याला नाव नव्हते आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

जिन्झूच्या वरच्या अंगाला, गिफू प्रांतातल्या हिदाच्या डोंगरांत कामिओकाची खाण आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे चांदी, तांबे आणि शिसे काढले जाई. त्यांच्याबरोबर जस्ताचे खनिजही निघे, पण त्याला गिऱ्हाईक नव्हते, म्हणून ते बाजूला टाकून दिले जाई. १८७४ मध्ये मित्सुई कंपनीने इथल्या खाणी विकत घ्यायला सुरुवात केली आणि १८८९ पर्यंत सगळा डोंगर तिच्या ताब्यात आला. रशिया आणि जपान यांच्यातल्या युद्धाने जस्ताला भाव आणला. १९०५ पासून कामिओकात जस्त काढले जाऊ लागले आणि पुढच्या दोन्ही महायुद्धांनी त्याचे उत्पादन वाढवत नेले.

उत्पादनाबरोबर पद्धतही बदलली. पूर्वी दगड फोडून, निवडून, धुऊन खनिज वेगळे केले जाई. नव्या पद्धतीत दगड अगदी बारीक दळायचा, पाण्यात कालवायचा आणि तेलाच्या फेसाला चिकटून वर आलेले धातूचे कण काढून घ्यायचे. या रीतीने हलक्या प्रतीचे खनिजही परवडू लागले. पण उरलेला गाळ आता इतका सूक्ष्म होता की तो तळाशी बसेना. तो ताकाहारा नदीत गेला, ताकाहारातून जिन्झूत आणि जिन्झूतून तोयामाच्या सपाट मैदानात. खाण डोंगरात होती, पण तिचा गाळ कितीतरी मैल खाली, दुसऱ्याच प्रांतातल्या शेतांत बसू लागला.

आधीचा धडा: आशिओ

खाणीचे पाणी शेतात शिरल्यावर काय होते, हे जपानला तोवर माहीत नव्हते असे म्हणता येणार नाही. कामिओकाच्या आधी आशिओ झाले होते.

तोचिगी प्रांतातली आशिओची तांब्याची खाण १८७७ मध्ये फुरुकावा इचिबेई यांनी घेतली. काही वर्षांतच तिथून वाहणाऱ्या वातारासे नदीतले मासे मरू लागले. १८९० च्या मोठ्या पुराने खाणीचा गाळ काठच्या शेतांवर पसरवला. वातारासेचा पूर पूर्वी सुपीक गाळ आणी, म्हणून शेतकरी त्याला भीत नसत. आता पूर ओसरला की मागे राहिलेल्या जमिनीत पीक जळू लागले. शेतकऱ्यांनी मातीचे नमुने तपासायला दिले. कृषी रसायनशास्त्रज्ञ कोझाई योशिनाओ यांनी पृथक्करण करून तांब्याची संयुगे हेच कारण असल्याचे सांगितले. कारण कळायला फार काळ लागला नाही. ते मान्य व्हायला मात्र फार वर्षे गेली.

संसद सदस्य तानाका शोझो यांनी १८९१ पासून हा प्रश्न संसदेत लावून धरला. दहा वर्षे बोलून काही हाती लागेना, तेव्हा त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला आणि १० डिसेंबर १९०१ रोजी सम्राटाच्या बग्गीपुढे धावत जाऊन अर्ज देण्याचा प्रयत्न केला. सरकारने अखेर जो उपाय काढला तो असा: खाण चालू राहील, पुराचे पाणी साठवण्यासाठी मोठा तलाव होईल आणि त्यासाठी यानाका गाव उठवले जाईल. १९०७ मध्ये मागे राहिलेली घरे पाडण्यात आली. तानाका त्या गावकऱ्यांबरोबर राहिले आणि १९१३ मध्ये वारले. वातारासेच्या शेतकऱ्यांना फुरुकावा कंपनीकडून १५५ कोटी येनची भरपाई मिळाली ती १९७४ साली.

आशिओने दोन गोष्टी शिकवल्या होत्या. नदीकाठचा शेतकरी हाच दूषणाचा पहिला साक्षीदार असतो, ही एक. आणि त्याच्या हाती खाणीचे दार उघडण्याचा अधिकार नसेल तर त्याची साक्ष कागदावरच राहते, ही दुसरी. कामिओकाच्या बाबतीत पहिली गोष्ट पुन्हा घडली. दुसरी बदलायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली.

पाट, बांध आणि खाचर

तोयामाचे मैदान नद्यांनी आणलेल्या गाळाचे आहे. तिथले शेतकरी शतकानुशतके नदीचे पाणी पाटांनी शेतात घेत आले. सतराव्या शतकात खोदलेल्या उशिगाकुबी पाटासारख्या वाहिन्यांनी डाव्या तीरावरचे पडीक माळ भाताखाली आणले. पाटातून पोटपाट, त्यातून दांड, आणि बांधाच्या तोंडातून पाणी खाचरात. याच पाण्यावर भात पिके आणि नळ येण्यापूर्वी हेच पाणी गावात प्यायला आणि रांधायलाही वापरले जाई.

ज्या वाटेने पाणी आले त्याच वाटेने गाळ आला. वाहते पाणी खाचरात शिरले की त्याचा वेग मोडतो आणि त्यातला गाळ तोंडाशीच खाली बसतो. त्यामुळे पाणी शिरण्याच्या जागी धातू सर्वांत जास्त आणि दूरच्या बांधाकडे कमी, अशी प्रत्येक खाचरात उतरती भाजणी तयार झाली. तोंडाशी भात खुजा राही आणि रोपे पिवळी पडत, हे शेतकऱ्यांनी पाहिले होते. पुढे तपासणीच्या वेळी हाच क्रम पुरावा ठरला. धातू मुळातच मातीत असता तर तो सगळीकडे सारखा असता. पाण्याच्या तोंडाशी तो जास्त असण्याचा अर्थ एकच होता.

भातशेतीत कॅडमियमचे वागणे समजून घेण्यासारखे आहे. खाचरात पाणी उभे असते तेव्हा चिखलात हवा पोचत नाही. अशा स्थितीत कॅडमियम गंधकाशी बांधलेले राहते आणि विरघळत नाही, म्हणून मुळांना ते सहजी मिळत नाही. लोंब्या बाहेर पडल्यावर कापणीच्या तयारीसाठी शेतकरी पाणी काढून टाकतो. जमीन वाळते, भेगाळते, हवा आत शिरते आणि तेच कॅडमियम विरघळण्याजोगे होते. नेमका तोच काळ दाणा भरण्याचा. शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या योग्य म्हणून जे केले, त्यानेच धातूला दाण्यापर्यंतची वाट मोकळी झाली. यात त्याची काही चूक नव्हती. त्याच्या पाटात हा धातू येईल, असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

कीटकनाशकाचे रेणू काळाच्या ओघात तुटतात. सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजून जातात. धातू हे मूलद्रव्य आहे आणि त्याचे विघटन होत नाही. दर हंगामात आलेला थोडा गाळ मागच्या हंगामाच्या गाळावर साचतो, नांगरणी-चिखलणीत मिसळतो आणि तिथेच राहतो. म्हणून अशा शेतात आजचे पाणी स्वच्छ झाले तरी कालची माती स्वच्छ होत नाही.

बायकांच्या हाडांत

साधारण १९१२ पासून जिन्झूकाठच्या गावांत एक दुखणे दिसू लागले, असा पुढच्या अभ्यासकांचा अंदाज आहे. आधी कंबर आणि मांड्या दुखत. मग चाल बदकासारखी डुलती होई. पुढे अंथरूण धरावे लागे. हाडे इतकी ठिसूळ होत की खोकल्यानेही बरगडी मोडे. एका रुग्ण बाईच्या शरीरात ७२ ठिकाणी हाडे मोडल्याची नोंद आहे आणि तिची उंची ३० सेंटीमीटर कमी झाली होती. शुद्ध शेवटपर्यंत टिके, म्हणून वेदनाही शेवटपर्यंत राहत. या बायकांच्या तोंडी सतत असलेल्या ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’ या शब्दांनीच आजाराला नाव मिळाले. १९५५ मध्ये ते वर्तमानपत्रात छापून आले.

रुग्ण जवळजवळ सगळ्या बायका होत्या. पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या. यामागचे कारण आज माहीत आहे. अन्नपाण्यातून आलेले कॅडमियम मूत्रपिंडात साचते आणि तिथून अर्धे बाहेर पडायला दहा ते तीस वर्षे लागतात. ते मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नळ्या बिघडवते. एरवी शरीर परत शोषून घेते ते फॉस्फेट आणि कॅल्शियम मग लघवीवाटे निघून जाते आणि ड जीवनसत्त्वाचे कामही अडते. हाडे मऊ पडतात. बाळंतपणे आणि अंगावर पाजणे यांनी जिच्या हाडांतले कॅल्शियम आधीच खर्ची पडलेले आहे, जिच्या शरीरात लोह कमी असल्याने आतडे कॅडमियम अधिक शोषते, तिच्यावर हा घाला सर्वांत आधी पडतो.

पण त्या काळी कोणी म्हणे हा पूर्वजन्मीचा भोग आहे, कोणी म्हणे इथल्या हवापाण्याचा गुण आहे, तर कोणी अपुऱ्या आहाराला आणि अतिश्रमाला दोष देई. घरातली माणसे आजार लपवत. त्याचा बोभाटा झाला तर गावात सून येणार नाही आणि गावचा तांदूळ कोणी घेणार नाही, ही भीती खरी होती. जमिनीचे दूषण असे दुहेरी असते. ते माणसाला आजारी पाडते आणि त्याबद्दल बोलणाऱ्याची भाकरीही हिरावून घेते.

नकाशा, पाणी आणि राख

फुचू गावातले हागिनो नोबोरू हे डॉक्टरांच्या घराण्यातले. युद्धावरून १९४६ मध्ये घरी परतले तेव्हा त्यांच्या दवाखान्यात अशा बायकांची रीघ होती. त्यांनी अन्य संशोधकांबरोबर १९५५ मध्ये या आजाराचा अहवाल मांडला. तोवर आहार आणि श्रम ही कारणे त्यांनाही पटण्यासारखी वाटत होती. मग त्यांनी रुग्णांची घरे नकाशावर टिपली. टिंबे जिन्झूच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यातच दाटली होती. पूर्वेला कुमानो आणि पश्चिमेला इदा या नद्यांचे पाणी वापरणाऱ्या गावांत ती नव्हती. तिथल्या बायकांचा आहार तोच होता, श्रम तेच होते आणि बाळंतपणेही तितकीच होती. फरक फक्त पाण्याचा होता. १९५७ मध्ये हागिनो यांनी खाणीच्या विषाकडे बोट दाखवले.

त्यांची टिंगल झाली. खेड्यातला एक डॉक्टर प्रसिद्धीसाठी काहीबाही बोलतो, असे म्हटले गेले. गावातल्याही अनेकांना हा माणूस आपला तांदूळ बदनाम करतो असे वाटले.

त्यांच्या मदतीला वैद्यकाबाहेरची माणसे आली, ही या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे. योशिओका किनइची हे शेतीचे अभ्यासक पिकांचे नुकसान तपासायला आले होते. त्यांनी पिकाचे नुकसान आणि माणसांचा आजार एकाच पट्ट्यात असल्याचे दाखवले. ओकायामा विद्यापीठाचे कोबायाशी जुन हे पाण्याच्या रसायनाचे जाणकार. युद्धकाळात सरकारी शेती खात्यात असताना जिन्झूकाठच्या पिकांचे नुकसान पाहायला ते याच गावांत येऊन गेले होते. आता त्यांच्याकडे नदीचे पाणी, तांदूळ आणि मृत रुग्णांची हाडे व अवयव तपासणीसाठी आले. हाडे व अवयव जाळून केलेल्या राखेत कॅडमियम अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघाले. १९६१ मध्ये हागिनो आणि योशिओका यांनी कॅडमियम हेच कारण असल्याचे जाहीरपणे मांडले.

डॉक्टर, शेतीतज्ज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ वेगवेगळे राहिले असते तर प्रत्येकाच्या हाती अर्धवट उत्तर उरले असते. एकाने फक्त हाडे पाहिली असती, दुसऱ्याने फक्त रोपे आणि तिसऱ्याने फक्त पाणी. तिघांनी मिळून एकच रेषा ओढली आणि ती खाणीपर्यंत गेली.

न्यायालयात आणि न्यायालयानंतर

१९६६ मध्ये पीडितांनी संघटना उभारली. कोमात्सु योशिहिसा तिचे प्रमुख झाले. देशातल्या सर्वांत बलाढ्य कंपन्यांपैकी एकीविरुद्ध खटला भरायचा म्हणजे हरल्यावर गाव सोडावे लागेल, या तयारीने ही माणसे उतरली. ९ मार्च १९६८ रोजी नऊ रुग्णांनी आणि मृतांच्या नातलगांनी मित्सुईविरुद्ध दावा दाखल केला. त्याच वर्षी ८ मे रोजी जपानच्या आरोग्य मंत्रालयाने कामिओकातून आलेले कॅडमियम हे या आजाराचे कारण मानले. सरकारने प्रदूषणजन्य म्हणून मान्य केलेला जपानमधला हा पहिला आजार.

खाण कायद्यात १९३९ पासून एक तरतूद होती: खाणीमुळे नुकसान झाले, तर हलगर्जी सिद्ध न होताही खाणमालक जबाबदार. त्यामुळे प्रश्न उरला तो कारणाचा. किती कॅडमियम, किती वर्षे, शरीरात नेमके कसे, याचा अणुरेणूपर्यंत पुरावा द्या, असा कंपनीचा आग्रह होता. ३० जून १९७१ रोजी तोयामाच्या न्यायालयाने तो फेटाळला. आजार कुठे आहे, कुठे नाही आणि दोन्ही ठिकाणांतला फरक कोणता, हे लोकसमूहाच्या अभ्यासातून पुरेसे स्पष्ट झाले असेल तर कारण सिद्ध झाले, असे न्यायालयाने मानले. जपानच्या चार मोठ्या प्रदूषण खटल्यांतला पीडितांच्या बाजूचा हा पहिला निकाल. ९ ऑगस्ट १९७२ रोजी वरच्या न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले आणि भरपाईची रक्कम वाढवली.

दुसऱ्याच दिवशी पीडित तोक्योला, कंपनीच्या मुख्य कार्यालयात पोचले. तिथल्या वाटाघाटींतून तीन कागद हाती आले. पहिला रुग्णांच्या भरपाईचा आणि उपचारांचा, दुसरा दूषित जमीन पूर्ववत करण्याचा. तिसऱ्या कागदाने या प्रकरणाचे भविष्य ठरवले. गावकरी आणि त्यांनी निवडलेले तज्ज्ञ हवे तेव्हा कारखान्यात व खाणीत शिरून पाहणी करू शकतील, हवी ती माहिती मागू शकतील आणि या पाहणीचा खर्च कंपनी करील, असे त्यात लिहिले होते.

भरपाई झालेल्या नुकसानीची असते. ती मिळून शेतातला गाळ थांबत नाही. खाणीत जाण्याच्या हक्काने मात्र पुढचा गाळ थांबला. तेव्हापासून दरवर्षी शेतकरी, वकील आणि वैज्ञानिक कामिओकात जातात, सांडपाण्याची तोंडे, गाळाचे साठे आणि धुराडी पाहतात. कारखान्याच्या जमिनीत दशकानुदशके मुरलेले कॅडमियम भूजलातून झिरपत असल्याचे अशा पाहण्यांतूनच पुढे आले आणि ते अडवण्याची कामे झाली. नदीतले कॅडमियम हळूहळू निसर्गतः असते त्या पातळीपर्यंत उतरले. वातारासेच्या शेतकऱ्यांना जे कधी मिळाले नव्हते, ते जिन्झूच्या शेतकऱ्यांनी लेखी मिळवले.

मातीची दुरुस्ती

१९७० मध्ये जपानच्या संसदेने प्रदूषणविषयक कायद्यांचे एक मोठे अधिवेशन घेतले. त्यातला एक कायदा खास शेतजमिनीच्या माती-प्रदूषणाचा होता आणि त्याखाली पहिला धातू नोंदला गेला तो कॅडमियम. बिनसडीच्या तांदळात किलोमागे एक मिलिग्रॅम ही मर्यादा ठरली. तिच्याखालचा पण ०.४ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक धातू असलेला तांदूळ सरकार विकत घेई आणि तो खाण्यासाठी न देता खळीसारख्या कामांसाठी विकला जाई.

जमिनीचे काम लगेच सुरू झाले नाही. १९७५ च्या सुमारास एका नामांकित मासिकातून कॅडमियम हेच कारण आहे का, अशी शंका पुन्हा उठवली गेली. राजकारण्यांनी ती उचलली. रुग्णांना मान्यता मिळणे मंदावले, मातीचे काम लांबले. शास्त्रीय शंका घेण्याचा हक्क कोणालाही आहे. पण त्या शंकेच्या काळात खाचरांतली दूषित माती तशीच पडून होती.

कामाला सुरुवात झाल्यावर पद्धत अशी बसली: वरची दूषित माती काढून खोल चरात भरायची, तिच्यावर खडीमातीचा घट्ट थर दाबायचा आणि त्यावर वीसेक सेंटीमीटर स्वच्छ माती घालायची. काही ठिकाणी दूषित माती न काढता तिच्यावरच नवी माती चढवली गेली. म्हणजे कॅडमियम गेले नाही. ते मुळांच्या आवाक्याबाहेर ठेवले गेले. डोंगरातून आणलेली माती निकस होती. तिच्यात कस आणण्यासाठी शेतकऱ्यांना पुन्हा कित्येक हंगाम राबावे लागले. मूळची सुमारे १,५०० हेक्टर जमीन दूषित ठरली होती. तिच्यातली बरीचशी मधल्या काळात रस्ते, घरे आणि कारखाने यांच्याखाली गेली.

१७ डिसेंबर २०१३ रोजी कंपनीने पीडितांच्या संघटनेची माफी मागितली. आजार पूर्ण विकोपाला गेला नसला तरी ज्यांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, त्यांना प्रत्येकी सहा लाख येन देण्याचे ठरले. अधिकृत मान्यता मिळालेल्या रुग्णांची संख्या दोनशेच्या आसपास आहे. मान्यता सुरू होण्याआधी जे गेले त्यांची मोजदाद नाही. कामिओकातले खनिज काढणे २००१ मध्ये थांबले. त्याच डोंगराच्या पोटातल्या न्यूट्रिनो प्रयोगांना पुढे दोन नोबेल पुरस्कार मिळाले. धातू गाळण्याचे काम तिथे अजून चालते, म्हणून गावकऱ्यांची वार्षिक पाहणीही चालू आहे.

जिन्झूपासून आजच्या ताटापर्यंत

जिन्झूच्या बायकांनी सोसलेल्या आजाराचे धागे आज जगभरच्या नियमांत आहेत. अन्नातले कॅडमियम किती चालेल, हे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय चर्चेत जपानमधला हा अनुभव पायाभूत राहिला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने २००६ मध्ये पॉलिश केलेल्या तांदळासाठी किलोमागे ०.४ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. जपाननेही २०११ मध्ये आपली जुनी मर्यादा उतरवून ती ०.४ वर आणली.

संशोधन पुढे गेले. लोंबी येण्याच्या काळात शेतात पाणी उभे ठेवले तर दाण्यात कॅडमियम कमी उतरते, म्हणून जपानमध्ये तसा सल्ला दिला जातो. पण पाणी उभे राहिले की मातीतले आर्सेनिक सुटे होऊन दाण्यात जाते. एकाला अडवताना दुसऱ्याला वाट मिळते. भाताचे मूळ मँगनीज आत घेण्यासाठी जी वाहक प्रथिने वापरते, त्यांतल्या एकातूनच कॅडमियमही शिरते, हे २०१२ च्या सुमारास उलगडले. जपानी शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या लाडक्या वाणावर आयनांचा मारा करून हे दार बंद असलेले भात तयार केले. जुन्या खाणींचा वारसा असलेल्या आकिता प्रांताने २०२५ पासून आपल्या प्रसिद्ध आकिताकोमाची वाणाच्या जागी असाच कमी कॅडमियम घेणारा वाण आणला. बियाणे बदलले, पण मातीतला धातू तिथेच आहे.

आता आपल्याकडे वळू. कॅडमियम शेतात यायला खाणच लागते असे नाही. ते शहराच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून येते, सांडपाण्याच्या गाळातून येते आणि फॉस्फेट खतांतूनही अल्प प्रमाणात येते. पुण्याच्या खाली मुळा-मुठेच्या पाण्यावर ओलीत होते, तसे शहरांच्या खालच्या अंगाला राज्यात अनेक ठिकाणी होते. पाण्याची टंचाई असलेल्या मुलखात शेतकऱ्याने ते पाणी नाकारावे, असे कोणीही सांगू शकत नाही. त्यात काय आहे हे कळण्याचा हक्क मात्र त्याला आहे.

केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ पासून चालू आहे. तिच्यात माती बारा निकषांवर तपासली जाते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब यांच्याबरोबर जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. जस्त पिकाला पुरेसे आहे का, हे ही पत्रिका सांगते. जस्ताबरोबर येणाऱ्या कॅडमियमचा त्यात रकाना नाही. शिसे, आर्सेनिक, क्रोमियम आणि पारा यांचाही नाही. ती पत्रिका पिकाच्या भुकेसाठी आखलेली आहे, विषाच्या शोधासाठी नाही. त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणून जमीन निर्धोक आहे, असा अर्थ कोणी काढू नये.

ज्यांचे ओलीत शहराच्या किंवा औद्योगिक वसाहतीच्या खालच्या पाण्यावर आहे, त्यांनी आपल्या जमिनीचे दोन नमुने वेगळे घ्यावेत: एक पाणी शिरते त्या तोंडाचा, दुसरा शेताच्या लांबच्या टोकाचा. जड धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दोन्ही द्यावेत आणि निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत. तोंडाशी धातू जास्त निघाला, तर तो कुठून येतो हे वेगळे विचारायची गरज नाही. एकट्या शेतकऱ्याला हा खर्च परवडणार नसेल तर ग्रामपंचायतीने, पाणीवापर संस्थेने तो उचलावा. आणि सरकारने ओलिताच्या अशा पट्ट्यांत पत्रिकेचे रकाने वाढवावेत.

माती तपासायला दोन नमुने पुरतात. ती बदलायला तोयामात ३३ वर्षे लागली. वरच्या कारखान्याचे नदीत सुटणारे पाणी जाऊन पाहण्याचा लेखी हक्क खालच्या शेतकऱ्याला मिळाला पाहिजे आणि तो मागायची वेळ जमीन बिघडण्याआधीची आहे.